पोटातले आणि ओठांतले

संक्रांतीचा दिवस होता. संध्याकाळचे पाच वाजत आले असतील. गावभर गच्च्यांवर पोरे, आकाशात पतंग आणि घराघरांत तीळगूळ. अशा दिवशी आमच्या हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला की काय झाले असेल, ते विचारावे लागत नाही. आठ वर्षांचा एक मुलगा पतंगामागे धावताना शेजाऱ्यांच्या पत्र्यावरून खाली पडला होता. कोपराच्या वरचे हाड मोडून असे सरकले होते, की पंजाकडे जाणारी रक्तवाहिनीच दाबली गेली होती. हात गार, बोटे पांढरी, मनगटाची नाडी लागत नव्हती. "थांबायला वेळ नाही, लगेच घ्यायला हवं," सर्जन म्हणाले.

मी भूलतज्ज्ञ. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईला मी विचारले, "ताई, यानं शेवटचं कधी खाल्लं?"

"सकाळी दूध प्यायला, मॅडम. मग पतंगाच्या नादात जेवलाच नाही बघा."

सकाळचे दूध म्हणजे आठ-नऊ तास झाले. मी निश्चिंत झाले आणि नेहमीच्या पद्धतीने, मास्क धरून, हळूहळू भूल दिली. मुलाचे डोळे मिटले, अंग सैल पडले आणि पुढच्याच मिनिटाला त्याच्या घशातून तीळ, गूळ आणि पोळीचे तुकडे वर आले. टेबलाचे डोके खाली करणे, मुलाला कुशीवर वळवणे, घसा साफ करणे, श्वासनलिकेत नळी घालणे, हे सगळे हातांनी आपोआप केले. तरी थोडे अन्न फुफ्फुसात गेलेच. हात वाचला, पण त्या मुलाला तीन दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. ते तीन दिवस माझ्या घरचा तीळगूळ डब्यातच राहिला.

नंतर उलगडा झाला. दवाखान्यात येताना पोर वेदनेने रडत होते, म्हणून जीपमध्ये आजीने त्याला मांडीवर घेऊन गूळपोळी भरवली होती. मी आजीवर चिडले. "सांगायला काय झालं होतं?" ती माउली पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई, बाई. मी तर भाईर बसले हुते."

या गोष्टीला आता वीसेक वर्षे होऊन गेली. तो मुलगा आज चांगला कमावता आहे. पण आजीचे ते वाक्य मी विसरलेले नाही, कारण ते खरे होते. एका माणसाच्या एका वाक्यावर मी त्या पोराचा जीव टांगला होता. आईनेही खोटे सांगितले नव्हते; तिला जेवढे ठाऊक होते तेवढेच ती बोलली. प्रश्न असा आहे, की मुलाच्या पोटात काय आहे हे दुसऱ्याच्या ओठांतून ऐकण्याखेरीज आमच्याकडे काही मार्गच नव्हता का? तेव्हा खरोखरच नव्हता. आज आहे. आणि तरीही आपल्याकडच्या बहुतेक ऑपरेशन थिएटरांत तो वापरला जात नाही. तो का वापरला जात नाही, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

उपाशीपोटीचे शास्त्र

ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला गेला असेल. जागेपणी आपल्या घशात दोन पहारेकरी असतात. अन्ननलिकेच्या तळाशी असलेला आकुंचित भाग जठरातले अन्न वर येऊ देत नाही आणि चुकून काही वर आलेच, तर खोकला ते श्वासनलिकेत शिरू देत नाही. भुलेच्या औषधाने हे दोन्ही पहारेकरी झोपी जातात. मग घट्ट अन्न श्वासाची वाट अडवते आणि जठरातले आम्ल फुफ्फुसांना आतून भाजून काढते.

भुलेचा इतिहास जेवढा जुना, जवळजवळ तेवढीच ही भीतीही जुनी. जेम्स यंग सिम्प्सन यांनी एडिंबरात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली ती नोव्हेंबर १८४७ मध्ये. त्यानंतर तीन महिने उलटायच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. ऑपरेशन होते पायाच्या बोटाचे नख काढण्याचे! ती कोमेजते आहे असे पाहून तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली गेली होती. त्या घोटानेच ती गुदमरली असे सिम्प्सन यांचे म्हणणे. दोष क्लोरोफॉर्मचाच असे जॉन स्नो यांचे. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही.

पुढे १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ६६ स्त्रियांच्या फुफ्फुसांत भुलेखाली जठरातला ऐवज गेल्याचे त्यांना आढळले. त्यांतल्या दोघी घट्ट अन्नाने गुदमरून गेल्या. सशांवर प्रयोग करून त्यांनी आम्लाचा दोषही सिद्ध केला. तेव्हापासून उपाशीपोटाचा नियम जगभर अधिकच कडक झाला. इतका, की "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको" हे वाक्य आमच्या पिढीने मंत्रासारखे म्हटले.

गंमत अशी, की शस्त्रक्रियेच्या जंतुरहित पद्धतीचे जनक जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते, की पोटात घट्ट अन्न नसावे, पण दोन तास आधी कपभर चहा द्यायला हरकत नाही. शंभराहून अधिक वर्षांनी आम्ही फिरून तिथेच आलो. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आता सर्वसाधारण हिशेब असा : जेवणानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर तीन ते चार तास आणि साधे पाणी किंवा तत्सम पातळ पेयानंतर दोन तास. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये मुलांसाठी पाण्याची ही मुदत एका तासावर आणली. तहानेने कासावीस झालेले पोर आजारापेक्षा डॉक्टरांच्या नियमानेच जास्त थकते, हे आता मान्य झाले आहे.

दुखणे आले की घड्याळ बंद

पण हा सगळा हिशेब आहे ठरवून केलेल्या ऑपरेशनचा. गच्चीवरून पडलेल्या, अपेंडिक्स सुजलेल्या, आतडे अडकलेल्या मुलाला तो लागू पडत नाही. वेदना, भीती, मार आणि वेदनाशामक इंजेक्शने यांनी जठराची हालचाल मंदावते, कधी थांबतेच. म्हणून अपघातग्रस्त मुलाच्या बाबतीत खाणे आणि ऑपरेशन यांत किती तास गेले, यापेक्षा खाणे आणि अपघात यांत किती वेळ गेला होता, हे जास्त महत्त्वाचे असते. दुपारी दोनला जेवून अडीचला पडलेल्या मुलाचे ते जेवण रात्री दहालाही तसेच जठरात असू शकते. म्हणजे आईने अगदी खरे सांगितले, आठ तास मोजून सांगितले, तरीही उत्तर चुकतेच.

मग आम्ही करतो काय? शंका आली की पोट भरलेलेच आहे असे धरून चालतो. आधी प्राणवायू भरपूर द्यायचा, शिरेतून झपाट्याने काम करणारे औषध द्यायचे आणि काही सेकंदांत श्वासनलिकेत नळी बसवून वाट बंद करून टाकायची. आम्ही याला घाईची भूल म्हणू. ही पद्धत चांगली आहे, पण फुकट मिळत नाही. लहान मुलाच्या शरीरात प्राणवायूचा साठा थोडा आणि खर्च मोठा. नळी बसायला जरा उशीर झाला की मूल काळेनिळे पडू लागते. शिवाय रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या पोराची शीर आधी सापडायला हवी. ज्याचे पोट रिकामे आहे, त्याला हा धोका विनाकारण द्यायचा कशाला? आणि ज्याचे भरलेले आहे, त्याला साध्या पद्धतीने भूल देऊन माझ्या त्या संक्रांतीची पुनरावृत्ती कशाला?

पालकांनी घाबरून जावे म्हणून मी हे लिहीत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९९ साली आपल्याकडच्या मुलांचे आकडे प्रसिद्ध केले होते. ६३,१८० वेळा दिलेल्या भुलेत २४ मुलांच्या फुफ्फुसांत जठरातला ऐवज गेला आणि त्यांपैकी एकही मूल त्यामुळे दगावले नाही. म्हणजे सरासरी सव्वीसशे मुलांत एक. मात्र तातडीच्या ऑपरेशनांत हेच प्रमाण ३७३ मुलांत एक असे होते. धोका लहान आहे, पण तो नेमका त्या घाईगर्दीच्या क्षणी दबा धरून बसलेला असतो.

दोन मिनिटांचे दर्शन

सोनोग्राफी हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला तो गरोदर बाईच्या तपासणीमुळे. त्याच यंत्राने जठरही पाहता येते, हे फार जणांना ठाऊक नसते. टोरांटोच्या डॉ. अनाही पर्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास याची शिस्तशीर पद्धत बसवली. २०१५ मध्ये कॅनडातल्याच डॉक्टरांनी मुलांसाठीचे गणित मांडले.

करायचे ते फार सोपे आहे. मुलाला आईच्या जवळच उजव्या कुशीवर वळवायचे, म्हणजे जठरातला ऐवज खालच्या, निमुळत्या भागात उतरतो. छातीच्या हाडाखाली, जिथे आपण 'पोटाची खळी' म्हणतो, तिथे जरासे जेल लावून यंत्राचा दांडा टेकवायचा. पडद्यावर पुढे यकृताची कड दिसते, मागे ठोके देणारी महाधमनी दिसते आणि या दोघांच्या मध्ये जठराचा तो भाग सापडतो. तो रिकामा असेल तर चपटा, लहानसा, एकात एक दोन वर्तुळे काढावीत तसा दिसतो. पाणी असेल तर फुगलेला आणि काळा. नुकतेच प्यायलेले असेल तर त्यात हवेचे बुडबुडे चांदण्यांसारखे चमकतात. आणि घट्ट अन्न असेल तर आत नुसता रवाळ, करडा-पांढरा गोळा. तो एकदा पाहिला की विसरत नाही.

पाणी दिसले तर त्या भागाचे माप घेऊन ते किती असावे याचा अंदाज काढता येतो. निरोगी, उपाशी मुलाच्या जठरातही थोडा पाचक रस असतोच. वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा मिलिलिटरपर्यंतचा रस चालतो, असा संकेत मुलांच्या बाबतीत पाळला जातो. वीस किलोच्या मुलाला म्हणजे पंचवीस मिलिलिटर, चहाचे पाच चमचे. तेवढे असेल तर काळजी नको. त्याहून अधिक असेल, किंवा घट्ट अन्न दिसले, तर घाईची भूल.

या पाहणीने खरोखर काही फरक पडतो का? फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या डॉक्टरांनी तातडीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या मुलांची अशी पाहणी केली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी नेहमीसारखी विचारपूस करून भुलेची पद्धत ठरवली, मग सोनोग्राफी केली. सुमारे निम्म्या मुलांच्या बाबतीत ठरलेला बेत बदलावा लागला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बदल दोन्ही बाजूंनी झाले. काहींचे पोट रिकामे वाटले होते ते भरलेले निघाले आणि काहींचे भरलेले धरले होते ते रिकामे निघाले. अनुभवी डॉक्टरांचा अंदाज एवढा हुकत असेल, तर आम्ही वर्षानुवर्षे आईबापांना जे प्रश्न विचारत आलो, त्यांचा भरवसा तो किती!

माझा स्वतःचा अनुभवही याहून वेगळा नाही. गेली काही वर्षे ज्या रुग्णालयात मी अधूनमधून जाते, तिथे थिएटरच्या आवारात नोंदणी केलेले यंत्र आहे. तिथे सहा वर्षांची एक मुलगी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आली. आई शिक्षिका, बोलण्यात नेमकी. "काल रात्री आठला वरणभात, त्यानंतर फक्त दोन घोट पाणी," तिने सांगितले. सोळा तास उलटून गेले होते. सोनोग्राफीत जठर रवाळ अन्नाने भरलेले दिसले. आदल्या रात्रीचा वरणभात जागचा हलला नव्हता. आधी नाकातून नळी घालून जमेल तेवढे बाहेर ओढले, मग घाईची भूल दिली. पोरगी चौथ्या दिवशी घरी गेली. उलट, ओठ फाटलेला एक अडीच वर्षांचा मुलगा रात्रीपर्यंत ताटकळत ठेवायचे ठरले होते, कारण त्याने नेमके काय आणि कधी खाल्ले, यावर आईचे आणि काकूचे एकमत होईना. पडद्यावर चपटे, रिकामे जठर दिसले. तासाभरात टाके घालून तो आईच्या कुशीत होता.

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती करणाऱ्याचा हात बसलेला हवा. मोठ्या माणसांच्या पोटांवर झालेल्या एका अभ्यासात भरवशाचे निदान यायला साधारण ३३ तपासण्यांचा सराव लागतो असे दिसले. रडून रडून मुलाने हवा गिळलेली असेल तर चित्र धूसर होते. जठर नीट दिसलेच नाही, तर ते भरलेले आहे असेच समजावे. आणि जिथे मिनिटामिनिटाला रक्त वाहते आहे, तिथे यंत्राची वाट पाहत बसू नये. या तपासणीमुळे दगावणाऱ्या मुलांची संख्या घटते, असा पुरावा अजून हाती नाही. मुळात अशा घटना इतक्या विरळा, की तो मिळवायला फार मोठा अभ्यास लागेल. पण डोळ्यांनी पाहून घेतलेला निर्णय हा अंदाजाने घेतलेल्या निर्णयापेक्षा बरा, एवढे म्हणायला मला मोठ्या अभ्यासाची गरज वाटत नाही.

यंत्र आहे, पण...

मग अडते कुठे? किंमत हे एक कारण आहे. चांगले यंत्र काही लाखांत जाते. पण ज्या रुग्णालयांत मुलांची तातडीची ऑपरेशने होतात, त्यांतल्या अनेकांत एखादे यंत्र असतेच. ते असते खालच्या मजल्यावर, सोनोग्राफीच्या खोलीत. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर. आणि या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर कायदा उभा आहे.

तो का उभा आहे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. गर्भातल्या मुलीला हेरून नाहीसे करण्यासाठी आपणच हे यंत्र वापरले. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, याचा आपण अभिमान बाळगतो. पण तो पहिल्यांदा आपल्यालाच करावा लागला, याची लाजही बाळगायला हवी. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ ला ९४६ होती, ती २००१ ला ९१३ झाली आणि २०११ ला ८९४ वर आली. गाडीच्या डिकीत यंत्र घालून गावोगाव फिरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून २०१२ मध्ये हलवता येण्याजोग्या यंत्रांवर आणखी बंधने आली. नोंदणी झालेल्या जागेबाहेर ते नेता येत नाही. फिरत्या दवाखान्याचा अपवाद सोडला, तर ज्या आवारासाठी त्याची नोंद आहे त्या आवारातच, तिथल्या दाखल रुग्णांसाठी ते वापरायचे.

माझ्यासारखी भूलतज्ज्ञ दिवसाकाठी तीन-चार नर्सिंग होममध्ये जाते. माझ्या बॅगेत नळ्या, औषधे, स्टेथोस्कोप असतो; सोनोग्राफीचे यंत्र मी त्यात घालून नेऊ शकत नाही. मी स्त्री आहे, दोन मुलींची आई आहे आणि हा कायदा सैल करा असे मी कधीही म्हणणार नाही. ज्यांनी तो मोडला त्यांच्या पापाचा बोजा आम्हांला वाहावा लागतो, ही तक्रार माझ्याही मनात येते. पण न जन्मलेल्या मुलींपुढे ती फार क्षुल्लक आहे.

मात्र कायदा न सैलावताही पुष्कळ करता येईल. रुग्णालयातले यंत्र सोनोग्राफीच्या खोलीबरोबरच थिएटरच्या दारापर्यंत वापरण्याची नोंद रीतसर करता येते. वापरणाऱ्यांच्या यादीत भूलतज्ज्ञाचे नाव घालता येते. आज बरीच रुग्णालये या वाटेला जातच नाहीत, कारण अर्ज कसा करायचा, काय जोडायचे आणि उत्तर कधी येणार, याचा अनुभव ठिकठिकाणी निराळा येतो आणि कागदातल्या एखाद्या चुकीपायी यंत्राला सील लागेल ही धास्ती असते. राज्याने यासाठी एकच स्पष्ट परिपत्रक काढावे : लहान मुलांच्या तातडीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांनी काय करायचे, कोणत्या प्रशिक्षणाचा दाखला जोडायचा, परवानगी किती दिवसांत मिळेल. प्रत्येक तपासणीची वेळ, मुलाचे नाव आणि जठराचे चित्र केसपेपरला लावणे सक्तीचे करावे. यंत्रावर नजर ठेवायची असेल, तर ती अशी ठेवता येईल. आणि भूलशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही पाहणी श्वासनलिकेत नळी घालण्याइतकीच सवयीची व्हायला हवी.

हे मागताना मला एक जुनी हकिकत आठवते. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या तंत्रावरचा आपला गाजलेला निबंध लिहिला. धातूतल्या भेगा शोधण्याचे कारखान्यातले तंत्र त्यांनी माणसाच्या पोटाकडे वळवले होते. त्या निबंधातली एक रुग्ण म्हणजे जठराचा कर्करोग बळावला आहे, आता उपाय नाही, असे निदान झालेली बाई. ध्वनिलहरींनी दाखवले, की ती बीजकोशाची मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई बरी झाली. म्हणजे या यंत्राने सुरुवातीलाच एका बाईला जीवदान दिले होते. त्याला मुलींच्या जिवावर उठवले ते आपण. आता मुलांच्या जिवाच्या कामी त्याला परत लावणे, हेही आपल्याच हातात आहे.

घरच्यांनी काय करावे?

हे सगळे होईल तेव्हा होईल. तोवर आमचा जुना प्रश्न राहणारच आहे आणि सोनोग्राफी आली तरी तो संपणार नाही. म्हणून वाचकांना काही सांगावेसे वाटते. मूल पडले, दुखावले, पोटात कळा येऊ लागल्या, की दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याच्या तोंडात काही घालू नका. कितीही रडले तरी बिस्कीट, साखर, दूध, काही नाही. त्या क्षणी मांडीवर घेणे हीच माया. आधी काही दिले गेले असेल, तर ते न लाजता सांगा. आई, आजी, मावशी, शेजारीण, ज्यांनी ज्यांनी मुलाला सांभाळले त्या सगळ्यांना विचारून सांगा. खाल्ल्याची वेळ सांगा आणि मूल पडले कधी तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

आणि आम्ही डॉक्टरांनी रागावू नये. खरे सांगितल्यावर ओरडा बसतो, हे एकदा कळले की पुढच्या वेळी माणूस खरे सांगत नाही. पोटात एक आणि ओठांत एक, असे लोक आपण होऊन होत नाहीत. आमच्या आवाजाने आम्ही त्यांना तसे करतो.

अलीकडे मी थिएटरच्या दारात मुलाच्या आईला प्रश्न विचारून झाला, की बाहेरच्या बाकाकडे जाते. तिथे हमखास एखादी आजी बसलेली असते, हातात पिशवी, पिशवीत डबा. तिच्या शेजारी टेकते आणि विचारते, "आजी, नातवाला तुम्ही काही दिलंत का हो? दिलं असेल तर चालेल, पण मला सांगा." बहुतेक वेळा ती आधी मान हलवते. मग जराशाने, हळूच, डब्याकडे पाहत म्हणते, "तसं थोडंसं दिलं होतं, बाई..."